ऐंशी अक्षरांची ओळ: कोडमधल्या एका नियमाचा इतिहास

संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना लवकरच एक अनुभव येणार आहे. तुम्ही एखाद्या सामायिक प्रकल्पात, म्हणजे लॅबच्या कोडमध्ये किंवा एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, आपला पहिला बदल पाठवाल. आठवडाभर खपून एक चूक शोधलेली असेल, ती दुरुस्त केलेली असेल. आणि परत येणारा पहिला शेरा ना गणिताबद्दल असेल, ना अल्गोरिदमबद्दल. तो असेल: ही ओळ फार लांब झाली आहे, कॉमेंट नियमाप्रमाणे नाही, नीट करून पुन्हा पाठवा.

यावर लोक साधारण दोन प्रकारे वागतात. काही जण चिडतात: एवढं काम केलं आणि यांना ओळीची लांबी दिसते! काही जण निमूटपणे ओळ तोडतात आणि पुढे जातात. मला तिसरी वाट सुचवायची आहे. संशोधकाला शोभेल असा प्रश्न विचारा: हा नियम आला कुठून, तेव्हा त्याचं कारण काय होतं, आणि आज काय आहे? ओळीच्या लांबीचा हा वाद बाहेरून कितीही किरकोळ वाटला, तरी त्याचा इतिहास पाहिला की "नियम" नावाची गोष्ट कशी जन्मते, कशी टिकते आणि कधी बदलते हे फार स्वच्छ दिसतं. तुमच्या विषयातल्या इतर नियमांकडे बघायलाही ते उपयोगी पडतं.

पुठ्ठ्याच्या कार्डावरचा आकडा

बहुतेक नियमांमध्ये एक आकडा हटकून भेटतो: ८०. कुठे ७९, कुठे ७८, पण सगळे त्याच्याच आसपास. हा आकडा संगणकाच्याही आधीचा आहे.

अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी छिद्रं पाडलेल्या कार्डांवरून मोजणी करणारी यंत्रं वापरली. त्यांच्या कंपनीतूनच पुढे आयबीएम उभी राहिली. १९२८ साली आयबीएमनं नवं कार्ड आणलं. आधीच्या कार्डावर गोल छिद्रांचे ४५ स्तंभ बसायचे. नव्या कार्डावर छिद्रं आयताकृती आणि अरुंद केली, त्यामुळे त्याच आकाराच्या पुठ्ठ्यावर ८० स्तंभ मावले. एका स्तंभात एक अक्षर, म्हणून एका कार्डावर ८० अक्षरं. यात वाचकाच्या डोळ्याचा विचार कुठेच नव्हता. पुठ्ठा केवढा, छिद्र किती अरुंद करता येतं, आणि ते यंत्राला चुकाशिवाय वाचता येतं का, एवढंच गणित होतं.

१९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोर्ट्रान भाषा आली. तिथे एक कार्ड म्हणजे प्रोग्रॅमची एक ओळ. या संगणकाचा शब्द ३६ बिटांचा होता, आणि त्याचा कार्डवाचक कार्डाची एकेक आडवी रांग दोन शब्दांत भरून घ्यायचा. ३६ दुणे ७२. म्हणून कार्डावर ८० स्तंभ असले तरी प्रोग्रॅमसाठी पहिले ७२च. उरलेल्या आठ स्तंभांत लोक कार्डाचा अनुक्रमांक छापायचे. कार्डांचा गठ्ठा हातातून पडून विस्कटला, तर तो पुन्हा क्रमानं लावायला हाच क्रमांक कामी यायचा.

फोर्ट्रानमध्ये कॉमेंटचा नियमही कार्डावरच ठरला. पहिल्या स्तंभात इंग्रजी सी हे अक्षर असेल, तर ते अख्खं कार्ड माणसासाठी, कंपायलरनं ते सोडून द्यायचं. सहाव्या स्तंभात खूण असेल, तर ते कार्ड मागच्या ओळीचा पुढचा भाग. म्हणजे आज आपण ज्याला "ओळ तोडणं" म्हणतो, ते त्या काळी शब्दशः दुसरं कार्ड घेणं होतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला. कार्डांच्या त्या जमान्यात ओळीची लांबी हा आवडीनिवडीचा विषयच नव्हता. पुढे पुठ्ठा संपायचा!

पडदा आला, आकडा राहिला

सत्तरच्या दशकात टर्मिनल आले. काचेवर ८० अक्षरांचं बंधन असण्याचं काही कारण नव्हतं. पण जुनी माहिती, जुने प्रोग्रॅम आणि जुन्या सवयी सगळ्या कार्डाच्या मापाच्या होत्या. आयबीएमच्या १९७१च्या ३२७० मालिकेत ८० स्तंभ आणि २४ ओळींचा पडदा मिळू लागला. डेक कंपनीचं व्हीटी१०० हे अतिशय गाजलेलं टर्मिनल १९७८ मध्ये आलं, तेही ८० बाय २४. त्यात १३२ स्तंभांची सोयही होती. हा १३२ आकडा मोठ्या लाइन प्रिंटरच्या कागदाचा. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या पडद्यावरही ८० बाय २५ अक्षरं.

कार्ड गेलं, कार्डवाचक गेला, अनुक्रमांकाचे आठ स्तंभ गेले, आणि ८० राहिला. गंमत बघा, याच कथेत इतर आकडेही असेच आले आहेत. ७२ हा ७०४च्या दोन शब्दांचा ठसा. १३२ प्रिंटरच्या कागदाचा; १९९०च्या फोर्ट्रान प्रमाणात मोकळ्या मांडणीची ओळ १३२ अक्षरांपर्यंत नेली गेली. जॅंगो या पायथन प्रकल्पात काही काळ ११९ अक्षरांची मुभा होती, कारण गिटहबवर रिव्ह्यू करताना तेवढी रुंदी दिसायची. प्रत्येक आकड्यावर कुठल्यातरी यंत्राचा शिक्का आहे.

इथे घाईनं निष्कर्ष काढायचा मोह होतो: पाहा, ८० म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या पुठ्ठ्याचं भूत, आता फेकून द्या. पण थांबा. एखादी गोष्ट कुठून आली हे कळलं म्हणजे ती आज कशासाठी वापरली जाते हे कळलं, असं होत नाही. उगम आणि उपयोग हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इतिहासाचा आधार घेऊन वाद घालताना सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

आकडा तोच, कारणं नवी

दरम्यानच्या काळात ८०ला नवी कारणं मिळत गेली. पायथनच्या शैलीचे नियम सांगणारा "पेप ८" हा दस्तऐवज जुलै २००१ मधला, ग्विडो व्हॅन रॉसम आणि बॅरी वॉर्सॉ यांचा. त्यात कोडच्या ओळीला ७९ अक्षरांची मर्यादा आहे. ८० का नाही? कारण ८० रुंदीच्या खिडकीत काही एडिटर शेवटच्या स्तंभात ओळ दुमडल्याची खूण दाखवतात, तेवढी जागा सोडायची. शिवाय ओळ आखूड असली की दोन फाइली शेजारी शेजारी उघडता येतात आणि जुना-नवा कोड बाजूबाजूला ठेवून तपासता येतो. यातलं एकही कारण पंचकार्डाचं नाही.

लिनक्स कर्नेलमध्ये आणखी वेगळं कारण दिसतं. तिथे बदल ईमेलनं पाठवायची पद्धत आहे. ईमेलच्या प्रमाणात ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी अशी शिफारस आहे. पॅचमध्ये प्रत्येक ओळीआधी अधिक किंवा वजा चिन्ह लागतं, आणि कोणी उत्तर देताना ती ओळ उद्धृत केली की आणखी खुणा जोडल्या जातात. ओळ आधीच काठोकाठ भरलेली असेल, तर दोन उत्तरांनंतर तिचा विचका होतो.

कर्नेलचा दुसरा नियम जास्त मार्मिक आहे. तिथे एका पायरीचं इंडेंटेशन आठ स्तंभांचं असतं. अटीत अट, तिच्यात लूप, असं तीन पायऱ्या आत गेलात की २४ स्तंभ रिकामेच गेले, हातात उरले ५६. चौथ्या पायरीला कोड उजव्या भिंतीला धडकू लागतो. लिनस टॉरवाल्ड्स यांच्या शैलीच्या दस्तऐवजाचं म्हणणं थोडक्यात असं, की तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील तर आधी प्रोग्रॅमच सुधारा. म्हणजे इथे ओळीची मर्यादा ही धोक्याची घंटा आहे. ओळ लांबली, तर बहुतेक वेळा फंक्शन जास्त गुंतागुंतीचं झालेलं असतं. १९२८च्या कार्ड बनवणाऱ्यांनी हा फायदा स्वप्नातही पाहिला नसेल.

२०२०: मर्यादा सैल होते

तरी वाद होताच. मर्यादा पाळण्यासाठी लोक काय करायचे? चांगली, अर्थपूर्ण नावं छाटून तीन अक्षरांची करायचे. एक सरळ अभिव्यक्ती नको तिथे तोडून तीन ओळींवर पसरायचे. वापरकर्त्याला दिसणारा चुकीचा संदेश मधोमध फोडायचे. हा शेवटचा प्रकार त्रासदायक, कारण संदेश दोन ओळींत फुटला की तो कोडमध्ये शोधून सापडत नाही. म्हणून असे संदेश तोडू नका, मर्यादा ओलांडली तरी चालेल, असा अपवाद कर्नेलच्या नियमांत आहे.

मे २०२० मध्ये टॉरवाल्ड्स यांनी स्पष्ट भूमिका घेतली: ८० स्तंभांचं टर्मिनल हे आजचं वास्तव नाही, आणि त्या मापासाठी जबरदस्तीनं तोडलेल्या ओळींनी बाकीच्यांचं वाचन बिघडवू नये. त्याच सुमारास कर्नेलच्या पॅच तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये इशारा देण्याची मर्यादा ८० वरून १०० केली गेली. विरोध करणाऱ्यांचेही मुद्दे पोकळ नव्हते. छोट्या लॅपटॉपवर काम करणारे आहेत, डोळ्यांच्या त्रासामुळे अक्षर मोठं ठेवणारे आहेत, तीन खिडक्या शेजारी लावणारे आहेत. मोठा मॉनिटर सगळ्यांकडे नसतो, ही गोष्ट आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना वेगळी सांगायला नको.

नीट वाचलं तर २०२०च्या बदलानं ८० रद्द झालाच नाही. दस्तऐवजात आजही ८० हीच पसंतीची मर्यादा आहे. फक्त ओलांडल्यानं वाचनीयता खरोखर वाढत असेल आणि काही लपत नसेल, तर ओलांडा, असं म्हटलं आहे. पायथननं २०१३ मध्ये असंच केलं होतं. ज्या गटाचं एकमत असेल त्यांनी ९९ पर्यंत जावं, पण कॉमेंट आणि दस्तऐवजी मजकूर ७२ वरच तोडावा. आणि पायथनच्या स्वतःच्या ग्रंथालयात मात्र ७९च. कठोर आकड्याचा हळूहळू "कारण असेल तर" असा सल्ला होत गेला.

पण पुरावा काय?

तुम्ही संशोधनाची तयारी करताय, त्यामुळे हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. आखूड ओळ वाचायला सोपी, हे कोणी मोजलंय का?

वादात नेहमी मुद्रणकलेचा दाखला दिला जातो. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांच्या टायपोग्राफीवरच्या पुस्तकात एका स्तंभाच्या मजकुरासाठी ४५ ते ७५ अक्षरांची ओळ समाधानकारक आणि ६६ आदर्श मानली आहे. पण हा आकडा सलग गद्याचा. पुस्तकात प्रत्येक ओळ डावीकडे एकाच जागी सुरू होते आणि डोळा ओळीमागून ओळ सरकतो. कोडमध्ये ओळी वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होतात, वाचणारा वर-खाली उड्या मारतो, बऱ्याच ओळी मुळातच आखूड असतात. एका प्रकारच्या वाचनाचा निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

आता शेजारच्या प्रश्नाचं, इंडेंटेशनचं उदाहरण घ्या. १९८३ मध्ये मियारा आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन ते चार जागांचं इंडेंटेशन असलेला प्रोग्रॅम लोकांना जास्त चांगला समजतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे कित्येक वर्षं तो शैलीच्या चर्चेत आधार म्हणून वापरला गेला. २०१९ मध्ये बावर आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपत तोच प्रश्न पुन्हा तपासला. त्यांना इंडेंटेशनच्या प्रमाणामुळे समजण्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

यावरून "इंडेंटेशननं काही फरक पडत नाही" असं म्हणू नका. फरक न आढळणं आणि फरक नसणं यांत अंतर आहे, हे तुम्हाला संख्याशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. पण इतकं नक्की म्हणता येतं: अमुक एक आकडा विज्ञानानं सिद्ध केलाय असा आव कोणी आणला, तर त्याच्याकडे मूळ प्रयोग मागा. तो प्रयोग कोणावर झाला, कुठल्या भाषेतल्या कोडवर झाला आणि नंतर कोणी पुन्हा करून पाहिला का, हे विचारा.

यंत्राच्या हवाली केलेला वाद

आकडा सिद्ध होत नाही, मतं जुळत नाहीत, मग मार्ग कसा निघाला? गेल्या पंधरा-सोळा वर्षांत एक वेगळीच तडजोड झाली: वाद यंत्राच्या हवाली करायचा.

२००९ मध्ये गूगलमधून गो ही भाषा जाहीर झाली. तिच्यासोबत कोडची मांडणी आपोआप ठरावीक पद्धतीनं करून देणारा प्रोग्रॅम आला, गोफम्ट. त्यात निवडीला जवळजवळ वावच नाही. मजेची गोष्ट अशी की तो ओळीच्या लांबीवर मर्यादा घालत नाही. गोच्या मार्गदर्शक दस्तऐवजात तर पंचकार्डाबाहेर जाण्याची चिंता करू नका, असा चिमटाही काढला आहे. पायथनसाठी लुकाश लांगा यांनी २०१८ मध्ये ब्लॅक हा फॉर्मॅटर आणला. त्याची ओळ ८८ अक्षरांची, म्हणजे ८०च्या दहा टक्के वर. सेटिंग कमीत कमी, म्हणजे भांडायला जागाही कमीत कमी.

यामागचं तत्त्व समजून घ्या. रिव्ह्यू करणाऱ्याचं लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. एका पॅचवर तो वीस मिनिटं देणार असेल, आणि त्यातली बारा स्वल्पविरामानंतरच्या जागा मोजण्यात गेली, तर तुमच्या सूत्रातली चूक बघायला आठच उरतात. आणि जागा मोजणं सोपं असतं, सूत्र तपासणं अवघड, त्यामुळे माणूस नकळत सोप्याकडे वळतो. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये हेच लिहिलं: अणुभट्टीचा ठराव काही मिनिटांत मंजूर होतो, पण सायकलींच्या शेडवर समिती तास घालवते, कारण शेडबद्दल प्रत्येकाला काहीतरी बोलता येतं. १९९९ मध्ये फ्रीबीएसडीच्या पोल-हेनिंग काम्प यांनी ही गोष्ट आपल्या सहकाऱ्यांना सुनावली, आणि तेव्हापासून प्रोग्रॅमरांच्या बोलीत क्षुल्लक वादाला "सायकल शेड" हेच नाव पडलं.

मात्र यंत्रही फुकटात काम करत नाही. जुन्या प्रकल्पावर एका दिवसात फॉर्मॅटर फिरवला, की हजारो ओळींवर "शेवटचा बदल: फॉर्मॅटिंग" अशी नोंद होते. एखादी ओळ कोणी आणि का लिहिली, हे गिटमध्ये शोधायला गेलात तर मध्ये ही भिंत उभी. म्हणजे मांडणी नीट करण्याच्या नादात इतिहासच पुसट होतो! ऑगस्ट २०१९ मध्ये गिटच्या २.२३ आवृत्तीत असे ठरावीक बदल वगळून मागचा इतिहास पाहायची सोय झाली. जॅंगोनं २०२२ मध्ये आपला सगळा कोड ब्लॅकनं नव्यानं मांडला, तेव्हा ११९ची मुभा जाऊन ८८ आली. कॉमेंट आणि दस्तऐवजी मजकुरासाठी मात्र ७९ ठेवले गेले.

कॉमेंट मात्र माणसाकडेच

इथपर्यंत आपण ओळीच्या लांबीबद्दल बोललो. कॉमेंटचा वादही बरोबरीनं चालू होता, पण त्याचा शेवट वेगळा झाला.

त्याचा वरवरचा भाग ओळीसारखाच. कर्नेलमध्ये अनेक ओळींच्या कॉमेंटची सुरुवातीची खूण एकटी पहिल्या ओळीवर असते, मजकूर दुसरीपासून. नेटवर्किंग विभागाची मात्र स्वतःची रीत होती: मजकूर खुणेच्याच ओळीवर सुरू करायचा. वाचते काय, तर एक ओळ. एकाच प्रकल्पात दोन रिवाज, आणि नवख्यानं ज्या फोल्डरमध्ये पाऊल टाकलं तिथला पाळायचा. २०१६ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी या शैलीवर जाहीरपणे आणि बऱ्याच कडक शब्दांत टीका केली. तरीही तो अपवाद टिकून होता. २०२३च्या अखेरीस नेटवर्किंगच्या लोकांनी आपसांत बसून ठरवलं आणि तो काढला. रागानं जे झालं नाही, ते समोरासमोरच्या चर्चेनं झालं.

खोलातला भाग म्हणजे कॉमेंटमध्ये काय लिहायचं. कर्नेलचा दस्तऐवज म्हणतो, कोड काय करतो ते सांगा, कसा करतो ते नको. पेप ८ बजावतो की कोडशी विसंगत कॉमेंट ही कॉमेंट नसण्यापेक्षा वाईट. कर्निगन आणि प्लॉगर यांचं १९७४चं पुस्तक सांगतं की वाईट कोडवर कॉमेंटचं पांघरूण घालू नका, कोड पुन्हा लिहा. त्या पुस्तकाचं नाव स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या इंग्रजी लेखनशैलीवरच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या नावावर बेतलेलं आहे. पेप ८ मध्येही इंग्रजी कॉमेंट लिहिताना स्ट्रंक आणि व्हाइट यांना अनुसरा, असा सल्ला होता. २०२० मध्ये तो काढून, कॉमेंट स्पष्ट आणि सहज समजेल अशी असावी, एवढंच ठेवलं गेलं. त्या बदलासोबतच्या संदेशात या सल्ल्याचा संबंध वर्णवर्चस्वाशी जोडला होता, त्यावरून पायथनच्या लोकांत मोठं वादळ उठलं. कोणाची इंग्रजी प्रमाण मानायची, इथपर्यंत कॉमेंटचा नियम जाऊन पोहोचला.

हा प्रश्न आपल्या अगदी दाराशी आहे. पेप ८ इंग्रजी न बोलणाऱ्या देशांतल्या प्रोग्रॅमरांना विनंती करतो, की तुमची भाषा न येणारं कोणी हा कोड कधीच वाचणार नाही याची १२० टक्के खात्री नसेल, तर कॉमेंट इंग्रजीतच लिहा. सहकार्यासाठी हे व्यवहार्य आहेच. पण समजा तुम्ही मराठी मजकुरावर प्रक्रिया करणारा कोड लिहिताय, आणि एखाद्या ओळीचं कारण मराठी शब्दच दाखवून सांगता येतं. मग ओळ मोजायची कशी? "विद्यार्थी" हा शब्द घ्या. आपल्या कानाला आणि डोळ्याला ती तीन अक्षरं: वि, द्या, र्थी. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं धरून ते दहा संकेत. यूटीएफ-८ मध्ये साठवले की तीस बाइट. पायथनला त्याची लांबी विचारा, उत्तर येईल १०. एकाच शब्दाची लांबी ३, १० आणि ३०! "८० अक्षरं" या नियमात एक गृहीतक दडलेलं होतं: एक अक्षर म्हणजे एक स्तंभ, म्हणजे कार्डावरची एक उभी पट्टी. लॅटिन लिपीत ते सहसा खपून जातं. देवनागरी समोर आली की पुठ्ठा पुन्हा दिसायला लागतो.

तुमच्या कामात

तर पहिला बदल परत आला आणि शेरा ओळीच्या लांबीचा असला, तर काय कराल? त्या प्रकल्पाचा फॉर्मॅटर चालवा आणि पाळा. त्यावर वाद घालू नका. तो आकडा ७९ आहे, ८८ आहे की १००, यानं तुमचं संशोधन अडत नाही. सगळ्यांनी एकच पाळणं यातच त्याची किंमत आहे. नवा प्रकल्प सुरू करत असाल, तर पहिल्याच दिवशी फॉर्मॅटर बसवा. वर्षानं बसवलात तर इतिहासावर भिंत उभी राहील.

वाचलेला वेळ कॉमेंटवर खर्च करा, कारण ते काम फॉर्मॅटर करणार नाही. यंत्र तुमची कॉमेंट ७२ वर तोडेल, पण तिच्यात काय असावं हे त्याला कळत नाही. समजा, कोडमध्ये एक ओळ आहे जी मोजणीचे पहिले २०० नमुने टाकून देते. "पहिले २०० नमुने वगळले" ही कॉमेंट निरुपयोगी. ते कोडच सांगतोय. "उपकरण गरम होईपर्यंतची वाचनं स्थिर नसतात, म्हणून वगळली, २०० हा आकडा आलेख पाहून ठरवला" ही कॉमेंट तुमच्याशिवाय कोणीच लिहू शकत नाही. दोन वर्षांनी तुमच्या जागी येणारी विद्यार्थिनी नवं उपकरण जोडेल. तिला त्या २००चं कारण माहीत नसेल, तर ती दोनांपैकी एक करेल: घाबरून तो आकडा तसाच ठेवेल, किंवा बेधडक काढून टाकेल. दोन्हींत निकाल चुकू शकतो, आणि चुकला हे कळणारही नाही.

कार्डाच्या ८० स्तंभांचं हेच तर झालं. आकडा टिकला, पण कारण कुणी शेजारी लिहून ठेवलं नाही, आणि पुढच्या पिढ्या कोणी श्रद्धेनं तर कोणी त्वेषानं त्या आकड्यावर भांडत राहिल्या. तुमच्या कोडमध्येही असे आकडे असतील. त्यांच्या शेजारी कारण लिहा. आणि ती ओळ ८३ अक्षरांची झाली, तर फॉर्मॅटरला तोडू द्या.